पुसातले दोडके

"आत्या, खुरपं ठिवा खाली. लोकं हसायलेत."

दीपमाला परसदारच्या उंबऱ्यात कमरेवर हात देऊन उभी होती. पुढ्यात, बाभळीच्या काट्यांच्या कुपाटीआड, तिची सासू गुरम्मा गुडघे टेकून आळी करत होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळी माती चढलेली. एक आळं झालं की त्यात मूठभर शेणखत टाकायची, दोडक्याच्या बिया टोबायची, वरून हातानं थापटायची आणि पुढं सरकायची. हाताला घाई होती. मिरगात असते तसली घाई.

"पुसाचा महिना हाय, आत्या. पुसात कुणी दोडके लावतंय का? थंडीत वर यायचं न्हाई ते. खामखा बी वाया."

"थंडी?" गुरम्मानं मान वर न करता विचारलं. "कुठं हाय थंडी? दाव बरं मला."

 दाखवायला थंडी नव्हतीच. चार-पाच दिवस झाले, आभाळ गच्च भरून होतं. सकाळपासून झिमझिम चालली होती. अंगाला घाम सुटत होता. घरातल्या गोधड्यांची दिवाळीपासून घडी मोडली नव्हती.

"मामा, तुमी तरी सांगा की त्यास्नी!"

शेवग्याखाली दाव्याला पीळ देत बसलेल्या ईश्वरप्पानं सुनेकडं बघितलं, मग बायकोकडं.

"लावू दे गं. तिच्या डोक्याला काय झालं न्हाई. आभाळच येडं झालंय, त्याला ती काय करंल?"

गुरम्मा हसली. "मिरग निघाला न्हवं आवं. आता न्हाई लावायचे तर कवा?"

ईश्वरप्पाही हसला. त्याला वाटलं, बायकोनं गंमत केली.

बोरतळी हे जळकोटच्या अलीकडचं माळावरचं गाव. तिथं गुरम्माचा परस म्हणजे जुनी गोष्ट. ती कर्नाटकातल्या भालकीकडून लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीत जांभळ्या शिरेच्या वालाचं बी बांधून घेऊन आली. घरामागं तेव्हा नुसती खडकाळ जागा होती. तिनं वर्षानुवर्षं शेण, राख, पाचोळा घालून तिथं माती केली. न्हाणीचं पाणी पाटानं फिरवलं. मग गावातल्या बाया विचारायला लागल्या, "गुरम्मानं वाल टोबला का? मंग आपून बी टोबू." तिनं कधी पंचांग बघितलं नाही. वारं कुठून आलं, मुंग्या कुठं चालल्या, एवढं बघायची आणि सांगायची. बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

पण गेल्या भादव्यात नाला फुटला. सांजच्याला पाऊस धरला तो ढग फुटल्यागत कोसळला, आणि पाणी कुपाटीसकट परस घेऊन गेलं. ओसरल्यावर बघितलं तर खाली पुन्हा तोच खडक. शेवग्यावर चढलेला वालाचा एक वेल तेवढा राहिला. गुरम्मा चिखलात उभी राहून एवढंच म्हणाली, "माझी माती गेली." आभाळच फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावावं? ईश्वरप्पानं शेतातल्या मातीच्या गाड्या आणून टाकल्या, नवी कुपाटी केली. परस पुन्हा काळा झाला. पण गुरम्मा त्या दिवसापासून जरा गप्प गप्प राहायला लागली.

आणि पुसातले दोडके उगवले. नुसते उगवले नाहीत, मांडव भरला. थंडी शेवटपर्यंत आलीच नाही. माघ सरता सरता पिवळ्या फुलांनी वेल झाकला आणि शिमग्याच्या आधी हातभर दोडके लोंबायला लागले. बाजारात माळवं नव्हतं तेव्हा गुरम्माच्या परसात दोडके होते. गल्लीत घरोघर गेले. शेजारची नागुबाई, जिनं गुरम्मासोबत जन्मभर खुरपणं केलं होतं, तीही तिच्या शब्दावर आपल्या दारात दोडके लावून मोकळी झाली होती. टोपलं भरून दाखवायला आली.

"अक्का, मोबाईलवाल्यास्नी कळंना ते तुमाला कसं कळतंय वं?"

गुरम्मा टोपल्याकडं बघून नुसती हसली.

ईश्वरप्पा पारावर बसून छाती फुगवून सांगायचा, "आमच्या घरात पुसात मिरग निघतो, बाबांनो." लोक माना डोलवायचे. म्हाताऱ्याला मोठं सुख होतं त्यात.

पण त्याला एक गोष्ट ठाऊक होती, जी पारावर सांगण्यासारखी नव्हती.

तो रोज येरवाळी, सून उठायच्या आत, परसात जायचा. आदल्या दिवशी गुरम्मानं उपटून टाकलेली वांग्याची रोपं शोधायचा आणि पुन्हा लावायचा. तिनं जपून पाणी घातलेलं गाजरगवत उपटून कुपाटीबाहेर फेकायचा. माती थापटून, पाण्याचा हात फिरवून, काही झालंच नाही असं करून ठेवायचा. मनाला सांगायचा, म्हातारपणी डोळं कमी झालंय. रोपं आणि गवत सारखंच दिसायलंय. एवढंच.

एकदा तो असाच वाकून बसला होता, तर मागं पावलं वाजली.

"मामा," दीपमाला म्हणाली, "तुमी हे रोज करायलाव. मला ठावं हाय."

ईश्वरप्पानं हातातलं रोप मातीत दाबलं. "काय करायलो? रोपं कलली हुती."

"गौरम्मा कोन हाय?"

त्याचा हात थांबला. "का?"

"आत्या मला कवाधरनं गौरम्मा म्हनायल्यात."

"बहीण हुती तिची धाकली. पोरपनीच आडात पडून गेली."

दीपमाला त्याच्या शेजारी टेकली.  "काल चुलीवर रिकामं पातेलं ठिवून हितं येऊन बसल्या. मी शेतातून आले तवा पातेलं लाल झालं हुतं. कुडाला जाळ लागला आसता, मामा. ह्यांच्या कानावर घातलं म्या. हे म्हनले, लातूरला दाखवू. तुमीच मदी आडवं पडताव."

हे म्हणजे तिचा नवरा, बसवराज. उदगीरला टेम्पो चालवायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा.

"तिला काय झालं म्हनून दाखवावं?" ईश्वरप्पा चिडला. "येड्या बाईच्या हातनं आसले दोडके निघत्यात का? साऱ्या गावाला कळंना, तिला कळलं!"

"तुमाला दोडके दिसायलेत मामा. मला आत्या दिसायल्यात."

ती आत निघून गेली. ईश्वरप्पानं उरलेली रोपं लावली. पण त्या दिवशी त्याला न्याहारी गोड लागली नाही.

होळी होऊन थोडे दिवस झाले होते. दुपारी ऊन असं की कौलावर पापड भाजावा. आणि एकाएकी उत्तरेकडून आभाळ काळं-निळं होऊन आलं. वारा सुटला, धूळ उठली, आणि गोठ्याच्या पत्र्यावर पहिला दगड पडावा तसा आवाज झाला. मग दुसरा. मग कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. लिंबाएवढ्या गारा. गोठ्यातली जनावरं दावी तोडायला बघत होती. ईश्वरप्पा पोतं डोक्यावर घेऊन परसाकडं धावला, तर खांद्यावर असा मार बसला की परत फिरला. दारातूनच बघत राहिला. मांडव एका अंगाला कलला, मग दुसऱ्या, आणि बसला.

थांबलं तेव्हा परस पांढरा झाला होता. वेल चेंदामेंदा. वांगी फुटलेली. शेवग्यावरच्या वालाच्या शेंगा, ज्या गुरम्मा दरसाल वेलावरच खुळखुळेपर्यंत वाळू द्यायची, त्या फुटून चिखलात मिसळल्या होत्या. गल्लीतल्या बाया आपापल्या दारचं बघून हळहळत आल्या. नागुबाई डोळे पुशीत होती.

गुरम्मा गारांतून अनवाणी चालत गेली. तिनं एक फाटलेला दोडका उचलला, उलटा-पालटा केला आणि वळून सगळ्यांकडं बघितलं.

"चांगले दोडके हुते की गं," ती म्हणाली. "कुणी लावलते हितं?"

नागुबाईनं ईश्वरप्पाकडं बघितलं.

"आन ह्या दिसात दोडके? कोन येडं हुतं म्हनावं? पुसात लावल्याबिगर आत्ता येत न्हाईत हे. पुसात कुणी दोडके लावतंय का?"

दीपमालानं पदराचा बोळा तोंडावर धरला आणि ती आत गेली. ईश्वरप्पाला वाटलं, आपल्या पायाखालची माती पाणी घेऊन चाललंय. "चल, पाय गारठतील," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. त्यानं तिला हाताला धरून आणलं. ती आली. कोण घेऊन चाललंय ते न विचारता आली.

लातूरच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला. उजेडावर धरून म्हणाला, "मेंदू सुकत चाललाय, आजोबा. बरेच दिवस झालेत याला. अगोदर का नाही आणलं?"

"औषिदानं थांबंल का?"

"सावकाश होईल. थांबणार नाही."

येताना बसमध्ये गुरम्मा खिडकीशी बसून रस्त्यावरची झाडं बघत होती. ईश्वरप्पानं सगळा रस्ता मान वर केली नाही. 'अगोदर का नाही आणलं?' त्याच्या कानात तेच चाललं होतं. आम्ही दोडके खात होतो, डॉक्टरसाहेब. काय सांगणार?

तेव्हापासून म्हातारा दुसऱ्या टोकाला गेला. गुरम्मा जेवले म्हणाली तर तो दीपमालाला विचारायचा, जेवली का. ती तहान लागली म्हणाली तरी सुनेकडं बघायचा. पारावर जाणं त्यानं सोडलं. तिच्या एकाही शब्दावर त्याचा भरवसा राहिला नाही.

चिखलातून वेचून वेचून त्यानं वालाच्या चांगल्या बिया निवडल्या होत्या. ओंजळही भरली नाही. बाकीच्या फुगल्या, फुटल्या होत्या. त्या बियांची पुरचुंडी गुरम्मानं आपल्या कनवटीला लावली आणि काही केल्या सोडेना. तरी विसरून कुठंही ठेवायची. एकदा पुरचुंडी गुरांच्या दावणीत सापडली, एकदा न्हाणीत. ईश्वरप्पाच्या जिवाला घोर लागला. गाव तिच्याकडून घेऊन वाल लावायचं, पण ज्यांनी लावला त्यांचाही भादव्यात वाहून गेला होता. हे एवढंच बी उरलं होतं.

आणि भर वैशाखात पाऊस आला. उन्हानं माणसं होरपळायच्या दिवसांत आषाढासारखा पाऊस. नाला वाहिला, माळावर हिरवं दिसायला लागलं. मोबाईलवर कुणी म्हणे, आवंदा लवकर लागलाय. लोकांनी तिफणी काढल्या. ईश्वरप्पानं परसात बोट खुपसून बघितलं. ओल वीतभर खाली गेली होती. त्यानं ठरवलं, आजच टोबायचं. हिच्या हातून बी हरवायच्या आत ते मातीत गेलेलं बरं.

"गुरम्मा, आण ती पुरचुंडी."

तिनं कनवटीवर हात ठेवला. "न्हाई."

"अगं वाल लावू. पाऊस झालाय बघ."

"न्हाई. ह्यो पाऊस आपला न्हाई. वाटसरू हाय." तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी असा ठाम आला होता. "वारं बघा की आवं. वारं उगवतीचं हाय. मिरगाचं वारं मावळतीकडनं येतंय. मावळतीचं वारं सुटू द्या, मंग लावू."

"तुला आज वार कोन्ता ते ठावं न्हाई, आन वारं सांगायलीस?"

"ब्याड," ती म्हणाली. नको. माहेरची कानडी अलीकडं तिच्या तोंडात परत यायला लागली होती. "ब्याड, ब्याड."

त्यानं तिचा हात धरला. तिनं मूठ आवळली. त्यानं उभ्या जन्मात बायकोवर हात उगारला नव्हता. आज एकेक बोट उलगडून मूठ सोडवली. झटापटीत हातातली काकणं फुटली आणि मनगटाला काच लागून रक्त आलं. पुरचुंडी त्याच्या हातात आली तेव्हा ती त्याच्याकडं बघत मागं सरकली आणि कुपाटीकडं तोंड करून ओरडली,

"नागुबाई! चोर! चोर शिरलाय गं घरात!"

नागुबाई धावत आली, दीपमाला आली. दोघींनी ईश्वरप्पाच्या हातातली पुरचुंडी बघितली, गुरम्माचं मनगट बघितलं. दीपमालानं सासूला पोटाशी धरून आत नेलं. ईश्वरप्पा वाकला आणि बिया टोबायला लागला.  सगळ्या बिया त्यानं लावल्या. तिच्या चांगल्यासाठीच करतोय, असं दर बीला स्वतःला सांगत लावल्या.

पाऊस आणखी थोडे दिवस झोडपत राहिला आणि माती दबून दगड झाली. मग एका दिवशी गेला तो गेलाच. वर ऊन, खाली वाफ. काही बिया मातीतच कुजल्या. काहींनी पापुद्र्याला डोकं लावून लावून मान टाकली. चार कोंब वर आले. ईश्वरप्पा त्यांना हापशावरून पाणी आणून घालायचा, वर तुराट्यांची सावली करायचा. पण तापलेलं वारं रात्रंदिवस वाहत होतं. खालून मुळं सडली, वरून पानं करपली. मिरग लागला तेव्हा आभाळात ढग नव्हता आणि परसात कोंब नव्हता. गावात ज्यांनी घाई केली त्यांचं सोयाबीनही तसंच गेलं.

त्यानं बोटांनी माती उकरून प्रत्येक आळं तपासलं. टरफलं निघाली. नागुबाई कुपाटीपलीकडून बघत होती.

"तिचं खरं हुतं, नागुबाई," तो खाली बघत म्हणाला.

"खरं हुतं का सहज बोलली, कोन सांगावं आप्पा? पुसात बी अक्का मिरगच म्हनली. तवा तुमी ऐकलाव. वैशाखात शानी बोलली, तवा न्हाई ऐकलाव."

"मंग म्या करावं काय?"

"मला काय इचारताव? मला तर आभाळ बी कळंना गेलंय."

दुसऱ्याच दिवशी तो बस धरून भालकीकडं गेला, गुरम्माच्या माहेरी. भाचे आता कर्ते झालेले. त्यांनी पाहुणचार केला, पण जांभळ्या शिरेचा वाल म्हटल्यावर एकमेकांकडं बघायला लागले. उंबऱ्यापर्यंत सोयाबीन पेरलं होतं. परस कुठं होता ते दाखवायलाही कुणाला येईना. एका म्हातारीनं तेवढं सांगितलं, "हुता हो आसला वाल. आमच्या गुरम्माच्या आईच्या दारात हुता." येताना तो जळकोटच्या बाजारात उतरला आणि दुकानातून वालाची पुडी घेऊन आला. बिया औषध लावून गुलाबी केलेल्या. हाताला रंग लागत होता. कसला वाल निघणार, कुणाला माहीत.

गुरम्मा आता परसात यायची नाही. उंबऱ्यात बसून राहायची. ईश्वरप्पाला ओळखायची कधी, कधी नाही. जवळ गेला की कनवटीवर हात धरायची. तिथं काही नव्हतं, तरी धरायची. ते बघून म्हातारा चार हात लांब बसायला लागला.

आषाढात गावात पाऊस झाला. चांगला नाही, पण झाला. बायांनी दारोदार बिया टोबल्या. नागुबाईचा मांडव उभा राहिला. ईश्वरप्पाचा परस खणून, खत घालून तयार होता आणि मोकळा होता. रोज सकाळी तो चार हातांवर बसायचा आणि विचारायचा,

"गुरम्मा, लावू का आज?"

कधी ती नाही म्हणायची. कधी गौरम्मा आडाकडं गेली का, म्हणून विचारायची. कधी बोलायचीच नाही. मग तो पुडी परत खुंटीच्या पिशवीत ठेवायचा.

"मामा," दीपमाला एकदा न राहवून म्हणाली, "त्यास्नी काय कळतंय आता? वल मोडायली. लावून टाका की."

"मोडू दे." तो शांतपणे बोलला. "दोनदा माझ्या मनानं वागलो. एकदा हाव म्हनलो, एकदा न्हाई म्हनलो. दोन्ही बारीला तिचं काय ते बघितलंच न्हाई म्या. आता तिला इचारल्याबिगर ह्या मातीला हात लावायचा न्हाई."

"आन त्या कवा बोलल्याच न्हाईत तर?"

"तर ऱ्हाईल तसंच."

पाऊस पुन्हा गेला. श्रावण लागला तरी धूळ उडत होती. एका सकाळी दीपमाला अंगणात वाळवण पसरत होती. ऊन चैत्रासारखं. ईश्वरप्पा नेहमीसारखा येऊन बसला.

"गुरम्मा, लावू का आज?"

तिनं वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही. त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हाव," ती म्हणाली. "लावा की. इचारायलाव काय?"

दीपमालाचे हात थांबले. तिनं आभाळाकडं मान वर केली. घासून ठेवलेल्या परातीसारखं लख्ख आभाळ. ढगाचा ठिपकाही नाही. कुठलंच वारं नाही, उगवतीचं नाही की मावळतीचं. सासऱ्याकडं बघून ती काही बोलणार होती.

ईश्वरप्पा तोवर उठला होता. त्यानं पुडी घेतली, खुरपं घेतलं, आणि कोरड्या ठक्क मातीत गुडघे टेकून पहिलं आळं करायला बसला. खुरपं खडकावर लागल्यासारखं वाजत होतं.

दीपमालानं वाळवण तसंच टाकलं, घागर उचलली आणि हापशाकडं निघाली.